पडत लिहिलेलं रान

सुपडू,

काल तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला, आणि खरं सांगतो, मला राग आला. घाटावर पंधरा-वीस माणसं होती. सगळे म्हणाले, सुपडूभाऊची काही इच्छा राहिली नव्हती, सुटला बिचारा. मी तापीच्या पायरीवर चपला हातात धरून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, इच्छा राहिली नाही कशी? सोमवारी सुनावणी आहे. तुझं रान सरकारी नकाशात पिवळं झालंय. आणि तू पिंडाला शिवून मोकळा? जिवंतपणी मला बांधावर अर्धा-अर्धा तास ताटकळत ठेवणारा माणूस तू. काल तरी जरा थांबायचं होतंस.

आज शुक्रवार आहे. मधे दोनच दिवस उरलेत. घाटावरून परतल्यावर कस्तुरीवहिनींनी तुझी पिशवी माझ्या हातात दिली. खताच्या दुकानातून मिळालेली ती हिरवी पिशवी, जिच्यात तू सगळे कागद कोंबून ठेवायचास. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पटवारी होते. सोमवारी तुम्हीच बोला. मले त्यांची भाषा नाही येत." मी मान हलवली. माझी मान आपोआपच हलते, तुला माहीत आहे. आयुष्यभर साहेबलोकांसमोर हलवून तिला तेवढीच एक सवय राहिली आहे. पिशवी मात्र मी काल उघडली नाही. आज दुपारी उघडली. ती कालच उघडली असती तर बरं झालं असतं की वाईट, मला कळत नाही.

थांब, मला सरळ सांगता येत नाही. पहिल्यापासून सांगू दे. तुला सगळं माहीत आहे हे मला आता कळलंय, तरी सांगू दे.

शाहपूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला, नाल्यापासून जुन्या वीटभट्टीपर्यंत, बारा शेतं. तुझं अगदी नाल्याला लागून. शहराच्या जुन्या नकाशात हा सगळा पट्टा हिरवा होता, म्हणजे इथं शेतीच राहील, घरं उठणार नाहीत. या हिरव्या रंगाचा तुला केवढा तोरा. गावातल्या माणसाला तू सांगायचास की तुमच्या घरात पाणी शिरत नाही ते माझ्या केळीमुळे. नाल्याला पूर आला की पाणी तुझ्या बागेत दोन दिवस बसायचं आणि मुकाट्यानं जिरायचं. मला तर तू दर पावसाळ्यात धमकी द्यायचास, "इथं कॉलनी कटली ना मधू, त हेच पाणी बुधवाऱ्यात तुह्या खाटेखाली येईल. मंग बस पाय वर घेऊन."

मीही गप्प बसणारा नव्हतो. विचारायचो, मग माणसांनी राहायचं कुठं? बुधवाऱ्यातल्या माझ्याच घरात दोन खोल्या. नितीन, सूनबाई, नात. पोर शिलाई मशीनवर वही ठेवून अभ्यास करते, आणि सूनबाईला ब्लाउज शिवायचा असला की वही उचलून पलंगावर जाते. तुला बारा शेतांचं पडलंय, मला माझ्या नातीच्या टेबलाचं. त्यावर तू एकदा मला स्कूटरवर मागं बसवून दुसऱ्या बाजूला फिरवून आणलंस. आधी कटलेल्या, म्हणजे शेतं मोडून प्लॉट पाडलेल्या, तीन कॉलन्या दाखवल्यास. कमानी उभ्या, खांब उभे, खांबांवर तार नाही, आणि प्लॉटांमध्ये डोक्याएवढ्या बाभळी. म्हणालास, "हे आधी भरू दे. मंग मी सोता येऊन तुले माह्या शेतात प्लॉट मोजून देतो." मी म्हणालो, त्या प्लॉटांचे मालक इंदूरला बसलेत, नितीनला कोण देणार तिथं? तो वाद तसाच राहिला, चहा पिऊन आपण उठलो.

हरण्या रोगाच्या वर्षाचा तो पसारा आठव. केळीच्या पानांवर पिवळे पट्टे, पोंगा सडलेला, झाड उभ्या उभ्या वाळलेलं. ज्याच्या बागेत रोग शिरला तो रोपं उपटायचा, आणि शेजारच्याच्या बागेतून तो परत यायचा. सगळे एकमेकांना शिव्या देत होते. तेव्हा तू बाराही घरी गेलास. एकट्यानं उपटून काही होणार नाही म्हणालास, सगळ्यांनी एकदम बागा काढायच्या, ताग पेरायचा, फुलोऱ्यात आला की नांगरून गाडायचा, हिवाळा रान रिकामं ठेवायचं, पुढच्या पावसात पुन्हा ताग. केळीवाल्याला दीड वर्ष केळी लावू नको म्हणणं म्हणजे मासोळीला पाण्याबाहेर ये म्हणणं. वीटभट्टीजवळचा शेतकरी तर तुझ्या अंगावर धावून आला होता. तू त्याच्या दारात सलग चार सकाळी जाऊन बसलास. पाचव्या सकाळी त्यानं स्वतःच ट्रॅक्टर आणला.

आणि ताग आला. काय आला होता! खांद्याएवढा, फुलांनी लगडलेला, नाल्यापासून भट्टीपर्यंत सलग. मधले बांधसुद्धा दिसेनात. त्याच दिवसांत माझी गिरदावरी होती. सुपडू, गिरदावरी म्हणजे काय हे तुला सांगायला नको. हंगामात कोणत्या शेतात काय उभं आहे ते पटवाऱ्यानं जाऊन बघायचं आणि लिहायचं. लोक म्हणतात, पटवारी घरी बसून लिहितात. मी तसा नव्हतो, मी प्रत्यक्ष आलो होतो. तुझ्या बांधावरच्या निंबाखाली बसलो, तू केळी दिलीस, कोतवाल सर्व्हे नंबर वाचत होता. आणि मी तुला विचारलं, "काय लिहू रे?"

"लिही, रान झोपेल आहे. कोनी उठवू नका."

आपण तिघं हसलो. आणि हसता हसता मी तुझ्या नंबरापुढे लिहिलं, पडत, म्हणजे पडीक. खाली अकरा ओळींत 'वरीलप्रमाणे'च्या दोन-दोन रेघा ओढल्या.

आता तू म्हणशील, डोळ्यांसमोर ताग असताना पडत का लिहिलंस? मी रोज स्वतःला हेच विचारतो. पहिल्या वर्षी माझ्या वरच्यानं मला शिकवलं होतं की जे कापून घरी येत नाही ते पीक नाही. ताग घरी येत नाही, मातीत जातो. म्हणून पडत. इतकं सोपं. शेऱ्याचा रकाना मोकळा होता. आपलं दप्तर हिंदीतलं; 'हरी खाद हेतु सन बोया', म्हणजे हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला, एवढे पाच शब्द मावले असते. मी लिहिले नाहीत. हिवाळ्यात रान खरंच रिकामं होतं, तेव्हा पडत. पुढच्या पावसात पुन्हा ताग, पुन्हा पडत, पुन्हा अकरा वेळा दोन-दोन रेघा. कुणी मला विचारलं नाही, कुणी दबाव आणला नाही, कुणी पाकीट दिलं नाही. दिलं असतं तर निदान मला स्वतःला चोर तरी म्हणता आलं असतं. मी फक्त सवयीनं लिहिलं. पुढच्या वर्षी हरण्या गेला. बारा शेतांत जी बाग आली ती बघायला जळगावकडची माणसं आली, तू त्यांना घड दाखवत फिरलास, आणि मी निवृत्त होऊन तुझ्याकडून हार घालून घेतला. नेमक्या त्या दीड वर्षातली आमच्या दप्तराची नोंद नव्या मास्टर प्लॅनसाठी उचलली गेली होती. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. एवढ्यापुरता तरी मी खरा आहे.

त्या नव्या प्लॅनचा नकाशा बघायला आपण दोघंच गेलो होतो. हॉलमध्ये भिंतीवर लावलेला, खाली टेबलावर जाड पुस्तक. तुला नकाशा वाचता येत नव्हता पण नाल्याचं वळण तुला तुझ्या तळहातासारखं ठाऊक. बोटानं नाला पकडलास, वळणावर आलास, थांबलास. "मधू, आपलं रान पिवळं कायले?" मी खालची रंगांची यादी वाचली. पिवळा, आवासीय, म्हणजे घरांसाठी. मग पुस्तकात पान काढलं. तिथं कारण छापलं होतं: पडत तथा अनुपयोगी भूमि. तू ते दोनदा वाचलंस. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंस, "पडत? इथं कोन म्हनते पडत?"

मी चष्मा काढला आणि शर्टाला पुसत बसलो. काच स्वच्छ होती. म्हणालो, ऑफिसातली काही गडबड असेल.

बस, एवढंच. साठी उलटलेल्या माणसानं लहानपणच्या मित्राला सांगितलेलं खोटं. त्यानंतर मी काय केलं? तुझी आपत्ती, सरकारी हिंदीत हरकतीला हाच शब्द, माझ्या सुंदर अक्षरात लिहून दिली. माझ्याच ओट्यावर बसून, दोन दिवस. नाल्याचा पूर लिहिला, विहिरी लिहिल्या, बारा कुटुंबं लिहिली, कॉलन्यांतल्या बाभळीसुद्धा लिहिल्या. तू विचारलंस, "अन् पडतचं काय?" मी म्हणालो, ते तोंडी सांगू सुनावणीत. तू माझ्याकडे बघितलंस आणि बरं म्हणालास. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडाच तुझी आपत्ती लिहीत होता आणि तू त्याला केळी सोलून देत होतास.

मी सांगणार होतो, सुपडू. खरंच सांगणार होतो. उद्या, परवा, सुनावणीच्या आधी. घोडं तिथंच पेंड खात होतं. वाटायचं, तू हात उगारशील तर बरं. पण तू नुसतं गप्प झालास तर काय करू?

मग ती शेवटची संध्याकाळ. तू रोजच्यासारखा आलास, घडावरच पिकलेली पाच-सहा केळी रुमालात बांधून. ओट्यावर बसलास. नातीची चौकशी केलीस. मग समोरच्या पानपट्टीकडे बघत एकदम विचारलंस, "मधू, तुले काही सांगायचंय का?"

आणि मी काय म्हणालो असेन? "गुडघा लई दुखू राह्यला."

तू हसलास. तिळाच्या तेलानं चोळ म्हणालास आणि रुमाल झटकून उठलास. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुरू करायला गेलास, मोटरच्या खोलीपाशी टेकलास तो टेकलासच. वहिनी न्याहारी घेऊन आल्या तेव्हा पाटात पाणी वाहत होतं. बाकी सगळं लोकांनी तुला ऐकू जाईल इतकं रडून सांगितलंच आहे, मी पुन्हा सांगत नाही. मी रडलो नाही. मला रडू आलं नाही, मला घाम आला.

आता पिशवीचं. आज दुपारी उघडली. आपत्तीची प्रत निघाली, सह्यांचे कागद निघाले, वहिनींचं आधार कार्ड निघालं, तागाच्या बियाण्याच्या गोणीवरचं लेबल निघालं, घडी घालून जपलेलं. आणि एक नकल निघाली. शिक्क्याची, तहसिलीतून काढलेली. त्या दीड वर्षाची गिरदावरी. पडत, खाली रेघा, पडत, खाली रेघा, आणि तळाशी माझी सही. सहीतला म मी जरा फर्राटेदार काढतो, त्यावरून तू शाळेपासून मला चिडवायचास. नकलेवरची तारीख बघितली. तू जायच्या आधी आठ दिवस. म्हणजे ती हातात पडल्यावर तू आठ संध्याकाळी माझ्या ओट्यावर आलास. आठ संध्याकाळी केळी आणलीस. आणि आठव्या संध्याकाळी विचारलंस, तुले काही सांगायचंय का.

मला तुझा फार राग आला, सुपडू. का नाही बोललास? गचांडी धरायची होती माझी. भर बुधवाऱ्यात ओरडायचं होतं, की ह्या माणसानं माझ्या आयुष्यातल्या एकमेव मोठ्या कामाला पडत लिहिलं. बारा माणसांना तू एकत्र आणलंस, आणि त्याच एकीची मी बारा ओळींत माती केली. एक शिवी दिली असतीस तर मी तिथल्या तिथं सगळं कबूल केलं असतं. तू वाट बघत बसलास. लहानपणी विहिरीत उडी मारायला मी घाबरायचो तेव्हाही तू असाच काठावर बसायचास, ढकलायचा नाहीस. मी उडी मारेपर्यंत पाय हलवत बसायचास.

नकलेला टाचणीनं एक वहीचं पान लावलेलं होतं. तुझं ते वाकडंतिकडं अक्षर. वर लिहिलेलं, साक्षीदार. पहिलं नाव माझं. 'मधुकर, त्या वेळचा पटवारी. बांधावर होता. ताग पाह्यला.' खाली कोतवालाचं नाव, मग वीटभट्टीवाल्याचं. आणि माझ्या नावापुढे, बाजूला, बारीक अक्षरात एकच शब्द: 'बोलेल.'

ते पान मी पुन्हा पुन्हा वाचत होतो. सूनबाईनं दोनदा चहा विचारला.

संध्याकाळी नितीनला सगळं सांगितलं. त्याला वाईट समजू नकोस, त्यानं तुला खांदा दिला, घरी येऊन आंघोळीच्या वेळी ढसाढसा रडला. पण तो घाबरलाय. म्हणाला, "पप्पा, तुम्ही कायले पडता याच्यात? बयान लिखित में लेंगे. इन्क्वायरी बैठली आन् पेन्शन अडकली तर?" मी म्हणालो, अडकू दे. मग तो खाली बघत म्हणाला की वीटभट्टीकडचा कोपऱ्यावरचा एक प्लॉट त्यानं बघून ठेवलाय, बायकोला दाखवूनसुद्धा आणलाय. "तिथं नाही तर मग मी घर कुठं बांधू, पप्पा, ते तरी सांगा." बघ, तुझा-माझा तोच वाद माझ्या पोराच्या तोंडून परत आला, आणि या वेळी सोडवायला तू नाहीस. मी फक्त तुझं पान त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं वाचलं, घडी घातली, माझ्या खिशात ठेवलं आणि बाहेर निघून गेला. तो माझ्या बाजूनं आहे की नाही, मला अजून कळलेलं नाही.

आणि तिकडं वेळ कुणासाठी थांबलेला नाही. काल घाटावरून येताना मी मुद्दाम रस्त्यानं वळलो. वीटभट्टीजवळच्या शेतात चुन्याच्या रेघा पडल्यात. सुनावणी व्हायची आहे, नकाशा पक्का व्हायचा आहे, आणि रेघा पडल्या. दोन समांतर रेघा, मधून रस्ता जाणार म्हणे. ज्याच्या दारात तू चार सकाळी बसला होतास, त्याचंच शेत. तो मला टाळून निघून गेला. आणखी दोघं आपत्ती मागे घेणार आहेत असं कोतवाल सांगत होता. सुपडूभाऊ होता तोवर गोष्ट वेगळी होती, असं म्हणतात. माझ्यावर कुणाचा भरवसा नाही, आणि का असावा? तुझ्या बागेत मात्र वहिनींनी पाणी चालू ठेवलंय. घडांना आधाराच्या काठ्या लावायच्या राहिल्यात, त्यांनी मला विचारलं कधी लावायच्या. मी म्हणालो, सोमवारनंतर. पण सोमवारनंतर काय असेल ते मला कुठं ठाऊक आहे?

कदाचित काहीच होणार नाही. मी बोलेन, साहेब मान डोलावतील, बयान फायलीत जाईल, रान पिवळंच राहील. कदाचित म्हणतील, म्हातारा मित्रासाठी खोटं बोलतोय. इतकी वर्षं कुठं होता? आणि त्यांचं चुकणार नाही. तरी एका गोष्टीसाठी तुझे उपकार मानतो. तू मला पहिल्या नंबरला ठेवलंस. मी असतो तर स्वतःला त्या यादीत घेतलं नसतं.

सोमवारी काय होईल ते मी मनात शंभरदा करून पाहिलंय. आपत्ती क्रमांक एक तुझी आहे. शिपाई दारात येऊन तुझं नाव पुकारेल. सगळे इकडंतिकडं बघतील. वहिनी माझ्याकडे बघतील. मी उठेन, गुडघा कुरकुरेल, खिशातलं पान हाताला लागेल. नाल्याचं, विहिरींचं, बाभळींचं सगळं नंतर. पहिलं वाक्य मी आज दुपारपासून आरशासमोर म्हणतोय, आणि अजून एकदाही ते न अडखळता निघालेलं नाही: "साहब, वहाँ सन खड़ा था। मैंने अपनी आँखों से देखा था। पडत मैंने लिखा।"

इतकंच होतं रे. ओट्यावर, तुझ्या शेजारी बसून, आपल्या भाषेत सांगता आलं असतं.